चाक बिघडलं तर आम्हाला सांगा: खान्देशातल्या टायर दुकानदारांना आणि गॅरेजमालकांना खुले पत्र

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील टायर दुकानदार, व्हील अलाइनमेंटवाले, पंक्चरवाले आणि गॅरेजमालक बंधूंनो,

सप्रेम नमस्कार.

सुरत–नागपूर महामार्ग नवापूरपासून मुक्ताईनगरपर्यंत आपल्या तिन्ही जिल्ह्यांतून जातो. धुळ्याला त्याला आग्रा रोड मिळतो. या दोन्ही रस्त्यांवर रात्री-अपरात्री कंप्रेसर सुरू करून आमचं चाक खोलायला उठणारी माणसं तुमच्यातलीच आहेत. रावेर-सावद्याहून केळी भरून निघालेली गाडी असो, जिनिंगला कापूस पोचवणारा पिकअप असो, की दवाखान्यात म्हातारा बाप घेऊन निघालेली एखादी छोटी कार असो, सगळ्यांची चाकं कधी ना कधी तुमच्या हाताखालून जातात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेलेला असताना पत्र्याच्या शेडमध्ये तापलेल्या टायरशी झटणं काय असतं, ते मी जवळून पाहिलं आहे. तुमच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदर आहे. रागही आहे, तोही लपवत नाही.

आमची चाकं तुमच्या दुकानांतून खराब होऊन बाहेर येतात. सगळ्याच दुकानांतून येत नाहीत आणि रोज येत नाहीत. पण येतात, आणि गाडी असलेल्या कुठल्याही चार माणसांत हा विषय काढला की दोघांकडे तरी सांगायला काहीतरी असतं. कुणाच्या अलॉयच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चाकाच्या, कडेवर चरे पडलेत, कुणाच्या स्टडचे, म्हणजे नट बसतो त्या बोल्टचे, आटे गेलेत, कुणाचं स्टिअरिंग टायर बदलल्यापासून थरथरतंय. नुकसान झालं एवढ्यावर मी हे पत्र लिहिलं नसतं. हाताने काम करणाऱ्याच्या हातून कधी तरी काही तरी बिघडणारच. मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या वाक्याबद्दल. आपण चाकाकडे बोट दाखवतो आणि उत्तर येतं, "ते पहिलेपासूनच होतं, भाऊ."

गेल्या दिवाळीच्या आधी मी गाडीचे चारही टायर बदलून घेतले. दुकान नावाजलेलं आहे, गर्दी असते. त्याचं नाव इथे लिहिणार नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. गाडी हातात आली तेव्हा पुढच्या दोन्ही अलॉयच्या कडेला, टायर लागून असतो तिथे, खोल खरचटलेलं होतं. जुना ओरखडा कसा दिसतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ॲल्युमिनियम उघडं पडून काही महिने झाले की ते मळकट होतं, ब्रेकची काळी धूळ त्यात जाऊन बसते. हे चरे चांदीसारखे चकचकत होते. मी दाखवलं, तर मशीनवरच्या मुलाने मालकाकडे पाहिलं आणि मालकाने चाकाकडे न बघताच तेच वाक्य म्हटलं.

चऱ्यांचं मी एक वेळ विसरलो असतो. पण त्यानंतर काही आठवड्यांनी वडिलांना तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला नेत असताना कन्नड घाटात टायर बसला. स्टेपनी होती, जॅक होता, गाडीबरोबर मिळालेला पाना होता. नट मात्र हलेनात. पान्यावर पाय देऊन उभा राहिलो, तरी हलेनात. मागून आलेल्या एका गाडीतल्या दोघांनी लोखंडी पाइप दिला. तो पान्याला लावून जोर केला तेव्हा तीन नट सुटले आणि चौथ्याचा स्टडच तुटून हातात आला. घाटातलं वळण, एका बाजूला दरी, गाडीत आजारी माणूस, आणि उरलेल्या नटांवर गाडी रांगवत खाली आणायची. माझ्या दुकानदार बंधूंनो, त्या वेळी मला तुमची आठवण झाली ती कशी झाली असेल, विचार करा.

तो नट एवढा घट्ट का बसला होता, हे मी नंतर शिकलो. बहुतेक छोट्या आणि मध्यम गाड्यांच्या चाकांच्या नटांना साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटर एवढा पीळ पुरेसा असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगलं की जेवढा पीळ बसेल, तो झाला साधारण १०० न्यूटन-मीटर. तुमच्या हातातली हवेची गन, कंप्रेसर भरलेला असेल आणि बोट चापावर दाबून धरलं असेल, तर चारशे-पाचशेच्या पुढे सहज जाते. म्हणजे लागतो त्याच्या चौपट पीळ. "घट्ट बसलेलं बरं, निघणार तर नाही," असं वाटतं, आणि ग्राहकालाही ते ऐकायला बरं वाटतं. पण स्टड हा पोलादाचा असला तरी नट आवळताना तो किंचित ताणला जातो, आणि तो ताणच चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, दाबून धरतो. मर्यादेच्या पलीकडे ताणला की तो परत पूर्वीसारखा होत नाही. वरून नट घट्ट दिसतो, आतली पकड गेलेली असते. त्यात कुणी आट्यांना ऑइल लावून मग गन मारली, तर तेवढ्याच पिळात स्टड आणखी ओढला जातो.

आणि एक गोष्ट, जी गाडीवाल्याला कधीच कळत नाही. पुढच्या चाकात ब्रेकची डिस्क चाक आणि हब यांच्या मध्ये दाबलेली असते. एकाच बाजूचे नट आधी गनने करकचून आवळले आणि बाकीचे मागाहून, तर डिस्कवर ताण सारखा बसत नाही आणि ती थोडीशी वाकडी होते. थोडी म्हणजे डोळ्याला दिसणार नाही इतकी. मग पारोळा ओलांडून ८० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थडथडतं. माणूस पुन्हा तुमच्याकडे येतो, तुम्ही पुन्हा बॅलन्सिंग करता, पुन्हा पैसे घेता. दोष बॅलन्सिंगमध्ये नसतोच.

उपाय काय आहे तेही तुम्हाला ठाऊक आहे. नट हाताने लावायचे, म्हणजे आटा तिरपा धरत नाही. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने बसवायचे, गाडी जमिनीवर टेकवायची आणि शेवटचा पीळ टॉर्क पान्याने द्यायचा, जो ठरलेल्या आकड्यावर 'टक' असा आवाज करतो. साधा टॉर्क पाना तीन-चार हजारांपासून मिळतो. ज्या दुकानात लाखोंचं अलाइनमेंट मशीन आहे, चमचमती काच आहे, कॉफीचं यंत्र आहे, तिथे हा पाना नसतो, किंवा असला तर भिंतीवर टांगलेला असतो. याचं मला खरोखर दुःख होतं. खरं तर जाताना ग्राहकाला एवढंच सांगायचं असतं की पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की एकदा येऊन नट तपासून घ्या. मला आजवर एकाही दुकानात कुणी हे सांगितलेलं नाही.

अलॉयच्या कडा कशा खरचटतात, ते तर मी उभा राहून पाहिलं आहे. टायर चढवायच्या मशीनच्या जबड्यांवर प्लास्टिकची टोपणं असतात, टायर उचलणाऱ्या डोक्याच्या आतही प्लास्टिकचा तुकडा असतो. झिजली की काही शे रुपयांत नवी येतात. ती झिजून आतलं लोखंड उघडं पडलेलं असतं, तरी मशीन चालूच असतं. बीड, म्हणजे टायरची रिमला बसणारी कड, सोडवणारं फावडं रिमच्या कडेपासून दोन बोटं दूर लावायचं, व्हॉल्व्हच्या जवळ कधीच लावायचं नाही, कारण आता बऱ्याच गाड्यांत व्हॉल्व्हच्या मागे हवेचा दाब सांगणारा सेन्सर असतो आणि तो एका दाबात फुटतो. बीडला टायरची पेस्ट किंवा साबण लावायचा असतो. वापरलेलं ऑइल किंवा डिझेल चोपडलं तर रबर फुगतं. हे सगळं तुमच्या जुन्या कारागिरांना येतं. घाईत आलेल्या नव्या पोराला कुणी शिकवलेलं नसतं.

इथे मला तुमच्या बाजूनेही एक बोलायचं आहे. आपल्याकडचे बहुतेक उस्ताद लोखंडी डिस्कवर, म्हणजे लोखंडी चाकावर, शिकले. जीप, ट्रॅक्टर, मेटाडोर, टॅक्सी. लोखंडी डिस्क वाकली तर हातोड्याने ठोकून बऱ्यापैकी सरळ होते, टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, टायर काढला आणि थोडं खरचटलं तर रंग मारला की झालं. त्या हातांना लोखंड कळत होतं, आणि ते काम ते उत्तम करत. पण अलॉय म्हणजे लोखंड नव्हे. आयटीआयच्या दोन वर्षांच्या मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमापर्यंतही न पोचलेल्या मुलाला, ज्याने दुकानातच सगळं शिकायचं आहे, हा फरक कुणी तरी समजावून सांगायला हवा होता. तो न सांगितल्याचा सगळ्यात घातक परिणाम मला सरळीकरणाच्या कामात दिसतो.

खड्ड्यात आपटून अलॉय वाकला की तो गॅसच्या ज्योतीवर तापवून ठोकला जातो. तो जिथून वाकला तिथेच ज्योत धरतात, लाल दिसत नाही म्हणून आणखी धरतात. ॲल्युमिनियम लाल होत नाही, ते न सांगताच मऊ होतं. गाडीचे बरेच अलॉय ए-३५६ या ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात. त्यांची ताकद ओतण्यातून पूर्ण येत नाही. ओतल्यावर ते साधारण ५४० अंशांवर तापवतात, पाण्यात विझवतात आणि मग दीडशे-एकशेसाठ अंशांच्या आसपास काही तास ठेवतात, तेव्हा कुठे त्यात चाक म्हणून धावण्याची ताकद येते. तुमच्या ज्योतीने ती ताकद काही मिनिटांत त्या जागेपुरती उतरते. चाक गोल दिसतं, बॅलन्सिंगवर बरं फिरतं, ग्राहक खूश होतो. आतल्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही, तिथे बारीक तडा राहतो.

मग हवा थोडी थोडी उतरू लागते. आणि त्यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे ट्यूब टाकणं. तडा गेलेल्या अलॉयमध्ये ट्यूब टाकून टायर बसवणं म्हणजे धोका झाकून देणं आहे. हवा उतरत होती तोवर निदान माणूस सावध तरी होत होता. ट्यूब टाकल्यावर तो निर्धास्त होऊन मुलाबाळांना घेऊन सप्तशृंगीला निघतो. ज्याने ट्यूब टाकली त्याला तडा दिसलेला असतो. ही एक गोष्ट तरी आजपासून बंद करा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. तडा दिसला तर सांगा की हे चाक आता स्टेपनीलाही ठेवू नका, भंगारात द्या. ग्राहक चिडेल, पैसे वाया गेले म्हणेल, दुसऱ्या दुकानात जाईल. तरी सांगा.

आता "पहिलेपासूनच होतं" या वाक्याकडे येतो, कारण त्याचं मूळ मला कळतं. खरंच कित्येकदा ते पहिलेपासून असतं. महामार्गाच्या चौपदरीकरणाची कामं आपल्याकडे किती वर्षं रेंगाळली, फागणे ते तरसोद या टप्प्यात वळणावळणावर किती गाड्या आपटल्या, हे आपण सगळ्यांनी भोगलं आहे. वाकलेली, चिरलेली चाकं घेऊन लोक येतात आणि टायर बदलून झाल्यावर कडेचं नुकसान नजरेला पडलं की दुकानदारावर ओरडतात. एका दुकानदाराने मला सांगितलं की एका ग्राहकाने आधीच तुटलेल्या अलॉयचे पैसे त्याच्याकडून भरून घेतले, कारण बाजारात गर्दी जमली आणि त्याला तमाशा नको होता. त्या दिवसापासून तो कुठलीही तक्रार आली की आधी नाकारतो. मी त्याला दोष देऊ शकलो नाही. ग्राहकांनीही घासाघीस करायची, "दहा मिनिटांत करून दे" म्हणायचं, आणि काम मात्र कंपनीसारखं हवं म्हणायचं, हे बरोबर नाही. घाईचा पीळ गनच देते, पाना नाही.

पण यातून निघायचा रस्ता अवघड नाही. गाडी जॅकवर घेण्याआधी मोबाइलची बॅटरी लावून दोघांनी मिळून चारही चाकं बघायची. जिथे चरा, वाकणं, तडा, तुटलेलं व्हॉल्व्हचं टोपण दिसेल तिथे फोटो काढायचा, आणि बिलाच्या मागे लिहायचं, "पुढचं डावं चाक, कडेला चरा, आधीचा." पाच मिनिटंही लागत नाहीत. काम झाल्यावर पुन्हा दोघांनी मिळून बघायचं. एवढं केलं की जे आधीचं आहे ते तुमच्या माथी येत नाही आणि जे दुकानात झालं ते आमच्या माथी येत नाही. माझ्या मते ही सवय तुमच्याच फायद्याची जास्त आहे, कारण भांडायला येणारा ग्राहक गर्दीत ओरडतो आणि त्याच्यामागे उभे असलेले चार जण ऐकतात.

आणि दुकानात काही बिघडलं, तर मालकाने स्वतः यावं, दाखवावं आणि म्हणावं, "दादा, हे आमच्याकडून झालं." चरा असेल तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा किंवा बिलातून वजा करावा. स्टड तुटला असेल तर नवा स्टड आणि नट टाकून द्यावा, आणि जुना पिशवीत घालून ग्राहकाला द्यावा. सेन्सर फुटला असेल तर तो कितीचा येतो, ते दोघांनी मिळून शोधावं आणि वाटणी करावी. ज्या दुकानदाराने मला असं सांगितलं त्याच्याकडे मी आजही जातो, आणि माझ्या नात्यातले सगळे जातात. त्याने एकदा माझा व्हॉल्व्ह तोडला होता. गाडी सोडायच्या आधी त्यानेच तो दाखवला.

कायद्याचा धाक दाखवायला हे पत्र नाही, पण कायदा काय म्हणतो हे दोघांनाही माहीत असावं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये निष्काळजीपणे दिलेली सेवा ही सेवेतील त्रुटी मानली जाते. त्यासाठी जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा तिन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत, तक्रार करता येते, आणि कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. बिल न देणं हेही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेत घातलं आहे, म्हणून "पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी लागेल" असं म्हणून ते टाळू नका.

आणखी एक. बऱ्याच दुकानांत पाटी असते, "गाडी मालकाच्या जबाबदारीवर." १८७२ चा करार कायदा सांगतो की ज्याच्या ताब्यात दुसऱ्याची वस्तू दिली जाते, त्याने ती साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घेऊन सांभाळली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये एका हॉटेलच्या पार्किंगमधून चोरीला गेलेल्या गाडीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की "मालकाच्या जबाबदारीवर" असं छापलं म्हणून स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. त्या पाट्या उतरवल्या तरी चालतील.

तुमच्यातले बरेच जण व्यापाऱ्यांच्या संघटनांत आहात, तालुक्या-तालुक्यांत तुमचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. तिथे दोन-तीन गोष्टी ठरवा. गन नट सोडवायला आणि नुसता टेकवायला, शेवट टॉर्क पान्याने, तोही ग्राहकासमोर. तापवून सरळ केलेला अलॉय विकायचा नाही आणि तडा गेलेल्या चाकात ट्यूब टाकायची नाही. मशीनची प्लास्टिकची टोपणं झिजली की बदलायची. चाकं खोलण्याआधी बघायची आणि लिहायची. एखाद्या जुन्या उस्तादाला बोलावून रविवारी दुपारी तुमच्या कामावरच्या मुलांना अलॉय आणि लोखंडी डिस्क यांतला फरक दाखवा. ती मुलं हुशार आहेत, एकदा हातात दिलं की शिकतात.

तुमच्या दरपत्रकाशेजारी एक ओळ छापा: "चाकाचे नट ठरलेल्या पिळावर, टॉर्क पान्याने, आपल्यासमोर आवळले जातील. आमच्याकडून नुकसान झाल्यास गाडी देण्याआधी सांगितले जाईल." जळगावात, अमळनेरात, दोंडाईच्यात, शिरपुरात, जिथे ही ओळ भिंतीवर दिसेल आणि तसं वागणं दिसेल, तिथे टायरमागे शंभर-दोनशे जास्त मागितले तरी मी देईन. माझ्यासारखे देणारे तुम्हाला खूप मिळतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
अमळनेर तालुक्यातील एक गाडीमालक